आडनांवांचीं व गांवनांवांचीं मुळें



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. जून महिन्यांत शाळा नुकतीच उघडली होती. नव्या वर्गाची हजेरी घेतांना मीं 'वाकडे' हें आडनांव पुकारलें, आणि मागच्या बांकांवरून हंशा उठला. कोणीतरी हळूच म्हणालें, "सरळ उभा राहा रे!" तो मुलगा उभा राहिला, 'हजर' म्हणाला आणि मान खालीं घालून बसला. पुढें रोज हजेरीच्या वेळीं त्याचा आवाज अधिकच बारीक होत गेला. शेवटीं एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, हजेरीपटांत माझें आडनांव बदलून लिहितां येईल काय?"

मीं त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं. थोडे दिवस थांबावयास सांगितलें. ज्या नांवाची मुलांनीं थट्टा केली, त्याचा अर्थ मुलांना ठाऊक नव्हता. आणि खरें सांगावयाचें तर मीही त्याचा कधीं विचार केला नव्हता. त्यानंतर नांवांविषयीं जें वाचलें, विचारलें व पडताळून पाहिलें, त्यांतील थोडें येथें सांगतों.

प्रथम जरा दूरच्या देशांत जाऊं. आपल्या घराचें छप्पर नीट पाहावयाचें तर अंगणाबाहेर उभें राहावें लागतें, तसेंच हें आहे. स्कॉटलंड हा देश मराठी शाळांना अगदींच परका नाहीं. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे तिकडचेच. ते १८२९ सालीं मुंबईस आले, आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीसाठीं त्यांनीं मराठी भाषेविषयीं टिपणेंही लिहिलीं. त्या देशाच्या डोंगराळ भागांत व शेजारच्या आयर्लंडांत गेलिक नांवाच्या जुन्या भाषा बोलत असत. कांहीं लोक आजही त्या बोलतात. तेथील आडनांवांत 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू अथवा वंशज. मॅकडोनल्ड म्हणजे डोनल्डचा मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा.

आतां कॅम्बेल हें नांव पाहा. गेलिक भाषेंत 'कॅम' म्हणजे वाकडें आणि 'बेल' म्हणजे तोंड. कॅम्बेल म्हणजे वांकड्या तोंडाचा! कोणा पूर्वजाला पडलेलें हें टोपणनांव. पण त्या घराण्यांत मोठे मोठे उमराव झाले, आणि नांव तेंच राहिलें. १८५७ सालीं हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेचा सरसेनापति झालेला कॉलिन कॅम्बेल याचे वडील मुळांत मॅकलिव्हर आडनांवाचे होते. सैन्यांत त्याची नोंद आजोळच्या कॅम्बेल या नांवानें झाली, आणि तेंच त्यानें जन्मभर चालविलें. एकानें वांकड्या तोंडाचें नांव आपण होऊन पत्करलें, आणि आमच्या वर्गांतला मुलगा तशाच नांवापायीं मान खालीं घालून बसला होता!

या कॅम्बेलांविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें कांहीं लोकांना तो साधा अर्थ रुचला नाहीं. त्यांनीं 'कॅम्बेल' म्हणजे 'कांपो बेल्लो', सुंदर शेत, असा झोकदार अर्थ शोधून काढला. तो ऐकावयास गोड आहे, परंतु खोटा आहे. नांवाला थट्टेनें हसणें ही एक चूक. नांवाला कौतुकानें सजविणें ही दुसरी. दोहोंतही न्याय कान करितो, आणि या कामीं कान हा फार कच्चा न्यायाधीश आहे.

त्याच देशांतील कॅमेरॉन हें नांव याची साक्ष देईल. डोंगराळ भागांतील कॅमेरॉन घराण्याचें नांव 'वांकडें नाक' या अर्थाचें आहे. परंतु सपाट प्रदेशांतील कॅमेरॉन हे फाइफ परगण्यांतील कॅमेरॉन या स्थानावरून तें नांव लावितात. अक्षरें तींच, मुळें दोन. आमच्या 'वाकडे' विषयींही असाच विचार करावा लागतो. तें एखाद्या पूर्वजाचें टोपणनांव असेल. किंवा गांवावरूनही आलें असेल, कारण वाकड, वाकडी अशा नांवांचीं गांवें महाराष्ट्रांत आहेत, आणि गांवाच्या नांवाला नुसता एकार लागून झालेलीं लातूरे, उदगीरे, देगलूरे अशीं आडनांवें आपल्याच भागांत ऐकूं येतात. तेव्हां जो हंसला त्यानें एक अर्थ धरला, आणि दुसरा असूं शकेल हें त्याच्या ध्यानींही आलें नाहीं.

आतां आपल्या घरीं परत येऊं. मराठी आडनांवांत सर्वांत ओळखीचा प्रत्यय 'कर' हा होय. गांवाच्या नांवापुढें तो लागला कीं त्या गांवचा माणूस झाला. नांदेडचे विचारवंत प्राध्यापक नरहर कुरुंदकर यांचें आडनांव कुरुंदा या गांवावरून आलें. स्वामी रामानंद तीर्थ यांचें पूर्वाश्रमीचें नांव व्यंकटेश खेडगीकर. 'कर' हा प्रत्यय माणूस कोठून आला हें सांगतो. एक मौज ध्यानांत घ्या: जो गांवांतच राहतो त्याला गांवाच्या नांवानें हांक मारण्याचें कारण सहसा पडत नाहीं. बिलोलींत सारेच बिलोलीचे! 'बिलोलीकर' हें नांव बहुधा त्याला पडतें, जो बिलोली सोडून दुसरीकडे जाऊन राहिला. म्हणून 'कर' लागलेल्या पुष्कळ आडनांवांत जुन्या प्रवासाची आठवण दडलेली असते.

दुसरा वर्ग उद्योगाचा. सुवर्णकार याचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार. गेलिक मॅकगोवन आणि आपला लोहार हे एकाच भात्यावरचे भाऊ होत. तिसरा वर्ग अधिकाराचा. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, तोच आपला पाटील. देशमुख हा परगण्याचा मुख्य, कुलकर्णी हा गांवचा हिशेब लिहिणारा. कवि व कादंबरीकार बी. रघुनाथ यांचें पूर्ण नांव भगवान रघुनाथ कुलकर्णी असें होतें. पुढें फारसी ही दरबारी भाषा झाली, तेव्हां तिचींही नांवें आलीं. फारसींत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचें मराठींत 'नीस' झालें आणि फडणीस, चिटणीस, पारसनीस हीं आडनांवें सिद्ध झालीं. 'दार' म्हणजे धारण करणारा. त्यावरून इनामदार, जमादार. सराफ हा अरबी शब्द, व मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामांतील नेते गोविंदभाई श्रॉफ यांचें आडनांव हें त्याच शब्दाचें दुसरें रूप आहे.

वतनें गेलीं, कचेऱ्या बदलल्या, नांवें तेवढीं राहिलीं. पाटील, देशमुख, इनामदार हीं आडनांवें अनेक जातींत आहेत; हिंदूंत आहेत तशीं मुसलमानांतही आहेत. म्हणून आडनांव ऐकून माणसाची जात, धर्म किंवा योग्यता ठरवूं पाहणारा मनुष्य दाराची पाटी वाचून घरांतील भांडीं मोजूं पाहतो, असें समजावें.

आमच्या सीमेवरचा एक विशेष वर्ग आहे, तो म्हणजे 'वार' या अक्षरांनीं संपणाऱ्या आडनांवांचा. पुणें, सातारा या बाजूंस हीं नांवें क्वचित् भेटतात; नांदेड जिल्ह्यांत मात्र बाजारपेठेच्या पाट्यांवर तीं ठिकठिकाणीं दिसतात. तेलुगु भाषेंत 'वारु' हा बहुमानार्थीं शब्द आहे. अमुक घरचे लोक, अमुक मंडळी, असा त्याचा भाव. उदाहरणार्थ मामीडवार हें आडनांव घ्या. तेलुगूंत 'मामिडि' म्हणजे आंबा, आणि तें तेथें घराण्याचेंही नांव असतें. मग मामीडवार आणि आंबेकर हे दोन भाषांतले शेजारीच ठरले! तेलुगु लोक घराण्याचें नांव आधीं व स्वतःचें नांव मागून सांगतात. मराठींत घराण्याचें नांव शेवटीं येतें. दोन्ही रीती जेथें एकत्र नांदल्या, त्या मुलखांत हीं नांवें मराठी झालीं. ज्यांचीं हीं आडनांवें आहेत, त्यांचे पूर्वज कोणत्या पिढींत मराठी बोलूं लागले हें त्यांना आठवत नसेल, आडनांवाला आठवतें.

माणसांच्या नांवांविषयीं इतकें पुरे. आतां गांवांकडे वळूं. गांवाच्या नांवाचे पुष्कळदां दोन भाग असतात, आणि अभ्यासाला शेवटचा भाग आधीं घ्यावा, कारण तो अनेक गांवांत सारखा आढळतो. 'गांव' हा ग्राम शब्दापासून, 'वाडी' हा वाटिका शब्दापासून. म्हणून आपल्या तालुक्यांतील कुंडलवाडी ही मुळांत एक वाडी. 'खेड' हा संस्कृत 'खेट' शब्दापासून. राष्ट्रकूट राजांची राजधानी मान्यखेट ही आज कर्नाटकांत मालखेड या नांवानें नांदते. तिच्यावरून आपल्या मुदखेडच्या शेपटाचा उलगडा होतो. 'आबाद' हें फारसी. त्याचा अर्थ वसलेलें. आमच्या शेजारच्या धर्माबादेंत पुढचें चाक संस्कृत आणि मागचें फारसी आहे, तरी गाडी बिनतक्रार चालते.

'ऊर' हा कन्नड व तेलुगु भाषांतील गांव या अर्थाचा शब्द. देगलूर, लातूर या नांवांच्या शेवटीं तोच आहे. लातूरविषयीं तर लेखी पुरावा आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असें बिरुद लावीत. नवव्या शतकांतील अमोघवर्ष राजाच्या लेखांत तें आहे. हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर असें बहुतेक संशोधक मानतात. परंतु शेवटीं 'ऊर' दिसला कीं तो कन्नड किंवा तेलुगुच, असा नियम करूं नका. माहूर पाहा. त्याचें जुनें नांव मातापूर. तेथील 'ऊर' हा 'पूर' या शब्दाचा झिजलेला तुकडा आहे. लातूर आणि माहूर यांचीं यमकें जुळतात, कुळें जुळत नाहींत.

आतां आपली बिलोली. हिंगोली, गडचिरोली, चिंचोली यांच्या पंक्तींत ती बसते. हें 'ओली' आणि डोंबिवली, बोरिवली यांतील 'वली' हीं दोन्ही भाषाभ्यासक 'पल्ली' म्हणजे लहान वस्ती या शब्दाशीं जोडतात. तेलुगु मुलखांत तो शब्द 'पल्ली' असाच राहिला, जसें हैदराबादेंतील कुकटपल्ली. कन्नडांत 'प' चा 'ह' झाला, जसें देवनहळ्ळी. तेलुगूंत दुधाला 'पालु' म्हणतात व कन्नडांत 'हालु' म्हणतात, तोच हा प्रकार. म्हणजे आपल्या गांवाच्या नांवाचीं भावंडें तीन राज्यांत पसरलेलीं आहेत.

आणि 'बिल' म्हणजे काय? मीं हा प्रश्न वर्गांत विचारला, तेव्हां एका दमांत तीन उत्तरें आलीं. एक म्हणाला, बीळ. दुसरा म्हणाला, बेलाचें झाड. तिसऱ्याची आजी कन्नड बोलणारी, तो म्हणाला, 'बिल्लु' म्हणजे धनुष्य. तिन्ही उत्तरें कानाला पटतात, आणि तींच त्यांची उणीव होय. कारण कानाला तिन्ही पटलीं तर निवड कोणी करावी? ती निवड जुन्या लेखांतील रूपच करूं शकतें. पैठण हा शब्द नुसता ऐकून त्याचें मूळ 'प्रतिष्ठान' असेल असें कोण म्हणेल? पण जुने लेख आहेत, मधलीं प्राकृत रूपें आहेत, म्हणून तें निःसंशय सांगतां येतें.

नांदेडची कथा याच दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. नंदीनें गोदातटीं तप केलें म्हणून नंदीतट, व त्यावरून नांदेड, अशी आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती श्रद्धेनें ऐकावी. परंतु १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा चौथ्या शतकांतील ताम्रपट मिळाला, त्यांत 'नांदीकड' असें नांव आहे, आणि तें नांदेडचेंच असें संशोधक मानतात. सोळाशें वर्षांपूर्वींच्या त्या रूपांत 'तट' नाहीं, 'कड' आहे. आख्यायिकेचें मोल वेगळें आणि ताम्रपटाच्या साक्षीचें मोल वेगळें. एकाच्या जागीं दुसरें ठेवूं नये. शीख बांधवांना तेंच नगर अबचलनगर म्हणून वंद्य आहे. एका नगराला अनेक नांवें असणें ही उणीव नव्हे. तितक्या लोकांनीं त्याला आपलें म्हटलें, एवढाच त्याचा अर्थ.

कधीं कधीं राज्यकर्ते नांव बदलतात. आयर्लंडांतील एका बंदरास १८२१ सालीं इंग्लंडच्या राजाच्या भेटीची आठवण म्हणून किंग्जटाउन असें नांव दिलें. शंभर वर्षें नकाशांत तें राहिलें. १९२० सालीं लोकांनीं जुनें डनलिअरी, म्हणजे लिअरी राजाचा किल्ला, हें नांव परत आणिलें. आपल्याकडे मलिक अंबरनें १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें फतेहनगर झाली, मग औरंगाबाद, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. धाराशिवचें उस्मानाबाद झालें आणि २०२३ सालीं पुन्हां धाराशिव झालें. निजामी अमदानींतील मोमिनाबाद आज पुन्हां अंबाजोगाई आहे. हिमायतनगरला मात्र जुने लोक अजून वाढोणा म्हणतात. अभ्यासकाचें काम यांत पक्ष घेण्याचें नाहीं. प्रत्येक नांव कोणीं, केव्हां व कां दिलें हें त्यानें लिहून ठेवावें. नाहींतर आजोबांच्या कागदांतील गांव नातवाला नकाशांत सांपडत नाहीं.

आपल्या तालुक्याला याचें अगत्य विशेष आहे. १९५६ सालीं हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची भाषावार वांटणी झाली, तेव्हां देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हे भाग, आणि भैंसा व मुधोळकडील प्रदेश तेलुगु राज्याकडे गेला. सीमेची रेषा एका दिवसांत ओढली गेली. सोयरीक, आडनांवें व शेतांचीं नांवें यांना ती रेषा ठाऊक नाहीं. मांजरा नदी आजही कंदकुर्तीपाशीं गोदावरीला मिळतांना कोणत्या राज्याची म्हणून विचारीत नाहीं.

तेव्हां नांवाचा शोध घेतांना तीन गोष्टी करा. पहिली, सर्वांत जुनें लिहिलेलें रूप पाहा. घरांत जुनें खरेदीखत असेल, खासरा किंवा पाहणीपत्रकाची नक्कल असेल, ती वडील माणसांकडून मागून घ्या. मात्र वाचतांना सावध राहा. मोडींत इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो. उर्दूंत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहींत, आणि 'ओ' व 'ऊ' यांना एकच अक्षर असतें. त्यामुळें 'बिलोली' असें लिहिलेलें नवखा वाचक 'बलूली' असेंही वाचील. दुसरी, त्या नांवाचीं भावंडें शोधा. एकट्या नांवावरून निर्णय देऊं नका. तिसरी, जमिनीवर जाऊन पाहा. गांवाचें नांव चिंचोली असेल तर चिंच कोठें आहे, किंवा कोठें होती, हें विचारा.

आणि चौथें एक मागणें आहे. सातबाऱ्यावर शेताला गटक्रमांक असतो. पण तुमच्या आजीआजोबांच्या तोंडीं प्रत्येक शेताला, ओढ्याला, विहिरीला, पांदीला नांव असतें. तीं नांवें कोणत्याही ताम्रपटांत नाहींत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवांचीं नांवें व आडनांवें गोळा करून त्यांवरून इतिहास शोधला, कृ. पां. कुलकर्णी यांनीं १९४६ सालीं मराठीचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. परंतु तुमच्या शेतांचीं नांवें त्यांच्याही कानीं पडलेलीं नव्हतीं. तीं सांगणारा म्हातारा गेला कीं त्याच्याबरोबर तीं जातात. पालकांसही विनंति आहे कीं, दिवाळीच्या सुट्टींत एक संध्याकाळ मुलांस शेतावर नेऊन त्यांना तीं नांवें सांगावीं, आणि मुलांनीं तीं वहींत उतरून घ्यावीं.

आतां त्या मुलाचें सांगून लेख संपवितों. कॅम्बेल व कॅमेरॉन यांची हकीकत मीं सबंध वर्गाला सांगितली, आणि प्रत्येकानें आपल्या आडनांवाची माहिती घरून विचारून आणावी असें काम दिलें. हंसणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आपल्या नांवाविषयीं एक ओळही लिहितां आली नाहीं. त्या मुलानें मात्र एक घडी पडून फाटत आलेला कागद आणिला. त्याच्या पणजोबांनीं थोडी कोरडवाहू जमीन विकत घेतली, तिचें तें खत होतें. खालीं अंगठ्याची खूण, आणि तिच्याजवळ लेखनिकानें मोडींत लिहिलेलें आडनांव: वाकडे. नांव टोपणनांवावरून आलें कीं गांवावरून, हें त्या कागदांत नव्हतें. पण ज्या नांवानें ती जमीन घरांत आली, तें नांव त्यानें प्रथमच असें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

कागदाची घडी सांभाळून घालीत तो म्हणाला, "गुरुजी, हजेरीपटांत आहे तसेंच राहूं द्या." दुसऱ्या दिवशीं हजेरींत त्याचें 'हजर' शेवटच्या बांकापर्यंत ऐकूं गेलें.